समुद्राच्या तळाशी अडकलेला वायू आणि आपण विसरलेले सिद्दीकी

मागच्या विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आमच्या शाळेत विज्ञानाच्या मॅडम रजेवर होत्या. नववीचा वर्ग माझ्याकडे आला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाचा आणि माझा संबंध बी.एड.च्या वर्षातल्या सक्तीच्या वाचनापुरता. तरी दिवस विज्ञानाचा होता. म्हणून फळ्यावर रेघ मारली आणि म्हणालो, मुस्लिम शास्त्रज्ञांची नावं सांगा.

मुलं तयारीची होती. इब्न सीना, अल-ख्वारिज्मी, जाबिर बिन हय्यान, इब्न अल-हैसम, अल-बिरूनी. भराभर आठ-दहा नावं झाली. मग एकदम अब्दुल कलाम. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘पक्षीवाले सालिम अली’ म्हणालं, त्याला मी शाबासकी दिली. आणि तिथे गाडी थांबली. एक मुलगी म्हणाली, “सर, बगदादनंतर डायरेक्ट कलाम? मधे कोणीच नव्हतं? आणि कलामांच्या बरोबरीचं पण कोणी नाही?”

मला पुढचं नाव सांगता आलं नाही. शिक्षकावर अशी वेळ आली की तो ‘उद्या सांगतो’ म्हणतो. मीही तेच म्हणालो. तो उद्या यायला बरेच महिने लागले, आणि आला तो भलत्याच वाटेने.

डोंबिवलीहून मी रोज धीमी लोकल पकडतो. कोपर, दिवा आणि मग मुंब्रा. मुंब्र्याजवळ रुळांच्या कडेने खाडी दिसते. ओहोटीच्या वेळी काळा चिखल उघडा पडतो आणि नीट पाहिलं तर त्या चिखलावरच्या वीतभर पाण्यात बुडबुडे येताना दिसतात. डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर तर ते अगदी जवळून पाहता येतात. बांबू खुपसला की एकदम पाच-पन्नास बुडबुडे वर येतात आणि कुजकट वास सुटतो. लहानपणी आम्हाला सांगितलं जायचं की खाली खेकडा श्वास घेतोय. मीही माझ्या मुलाला तेच सांगितलं. त्याने मोबाइल काढून शोधलं आणि मला म्हणाला, “अब्बा, एवढे खेकडे?”

तिथून हे सगळं सुरू झालं.

तो वायू बहुतांशी मिथेन. पाला, शेवाळ, कांदळवनाची मुळं, मेलेले जीव चिखलात गाडले जातात. चिखलात प्राणवायू पोचत नाही. तिथे असे सूक्ष्म जीव असतात ज्यांना प्राणवायू नकोच असतो. ते हा कचरा खातात आणि मिथेन सोडतात. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने, ज्याच्या नावावरून आपण ‘व्होल्ट’ म्हणतो त्याने, १७७६ च्या नोव्हेंबरमध्ये माज्जोरे सरोवराच्या काठी नेमका हाच उद्योग केला. काठीने चिखल ढवळला, पाण्याने भरलेली बाटली उलटी धरून बुडबुडे गोळा केले आणि पेटवून पाहिले. निळी ज्योत आली. मोठागावात बांबू खुपसणारी पोरं आणि व्होल्टा यांच्यात फरक एवढाच की व्होल्टाकडे बाटली होती. (पोरांनी पेटवायच्या भानगडीत पडू नये. हे मी शिक्षक म्हणून लिहितोय.)

जमिनीतून आणि समुद्राच्या तळातून काहीतरी वर येतं, हे माणसाला व्होल्टाच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. बहरीनच्या आसपास समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटत. मोती काढणारे पाणबुडे चामड्याची पखाल घेऊन बुडी मारत, झऱ्याच्या तोंडाशी तिचं तोंड धरत आणि खाऱ्या समुद्राच्या पोटातून पिण्याचं पाणी भरून आणत. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वी सीरियाच्या किनाऱ्यावरच्या एका बेटाबद्दल लिहून ठेवलंय. तिथले लोक युद्धाच्या काळात शिशाचं मोठं नरसाळं उलटं करून तळाच्या झऱ्यावर ठेवत आणि त्याला जोडलेल्या चामड्याच्या नळीतून पाणी वर होडीत घेत. समुद्रतळातून येणारा प्रवाह पकडायचं हे फार जुनं यंत्र म्हणायला हरकत नाही.

आणि आपल्या जवळचा माणूस म्हणजे अल-मसूदी. बगदादचा हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपलं चौल, अलिबागजवळचं. राज्य शिलाहारांचं, ज्यांची राजधानी पुढे ठाणे म्हणूनच ओळखली गेली. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना दिसले, असं तो लिहितो. सीराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेलेही. कोकणी मुसलमानांच्या इतिहासावर बोलणारा प्रत्येक जण हा उतारा सांगतो. पण त्याच मसूदीने त्याच ‘मुरूज अज़-ज़हब’मध्ये कास्पियन समुद्राकाठच्या बाकूबद्दलही लिहिलंय. तिथला पांढरा नफ्त, म्हणजे जमिनीतून पाझरणारं तेल, आणि तिथे जमिनीतून उसळणारी आग, याची नोंद त्याने करून ठेवलीय. ज्या माणसाने आपलं कोकण पाहिलं त्यानेच जमिनीतून झिरपणाऱ्या तेलावायूचीही नोंद केली, हे वाचून मला आनंद झाला.

खरं सांगायचं तर आमचे बरेच लेख इथेच संपतात. मसूदीपर्यंत यायचं, ‘आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ म्हणायचं आणि चहा घ्यायचा. मसूदीला माहीत होतं ते त्याने फिरून, पाहून, विचारून मिळवलं होतं. त्याच्यानंतर हजार वर्षांनी त्याच कोकणसमोरच्या समुद्रात कोणी काय पाहिलं, हा प्रश्न आपण विचारत नाही. त्या मुलीने तोच विचारला होता.

आता १९७४ मध्ये या. स्वातंत्र्यानंतर देशाला तेल हवं होतं आणि जमिनीवर ते पुरेसं सापडत नव्हतं. साठच्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या मदतीने खंबातच्या आखातात आणि मुंबईसमोर समुद्राखालच्या खडकांची पाहणी झाली. मग जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ हा खोदकामाचा तरता मंच आला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला तेल लागलं. मुंबई हाय. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथला वायू नळातून उरणला येऊ लागला. आज माझ्या घरी पाइपचा गॅस आहे. त्या शेगडीत मुंबई हायचाही वायू जळत असेल, असं मी घरात एकदा म्हणालो. बेगम म्हणाल्या, “दूध उतू चाललंय, ते आधी पाहा.”

पण मुंबई हायचा वायू आणि खाडीतल्या बुडबुड्यांचा वायू हे सख्खे भाऊ नाहीत, चुलत आहेत. मुंबई हायचा वायू खोलवर, लाखो वर्षांच्या दाबाने आणि उष्णतेने शिजलेला. खाडीतला वायू जीवाणूंनी उथळ चिखलात केलेला, त्या मानाने कालपरवाचा. दोन्ही मिथेनच, पण त्यातल्या कार्बनच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण वेगळं असतं आणि त्यावरून कुळ ओळखता येतं. खाडीत बुडबुडे आले की ‘डोंबिवलीखाली तेल सापडलं’ असे मेसेज फिरतात, त्यांना हे उत्तर द्यावं.

मुंबई हायमुळे एक व्यावहारिक गरज उभी राहिली. समुद्राच्या तळावर शेकडो टनांचे मंच उभे करायचे, मैलोन् मैल नळ टाकायचे, तर तो तळ कसा आहे हे कळायला हवं. चिखलात वायू भरलेला असेल तर त्याची ताकद कमी होते. वर उभं केलेलं खचू शकतं. खोदताना अचानक उथळ वायूचा साठा फुटला तर मंचावरच्या माणसांच्या जिवाशी गाठ. बेटावर तंबू ठोकताना आपण पाय आपटून जमीन पाहतो. समुद्राखाली पाय कुठे आपटणार? तिथे आवाज आपटावा लागतो.

हे काम करणारी संस्था गोव्यात होती. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, दोना पावलाची, जिला सगळे एनआयओ म्हणतात. हिंदी महासागराची जी मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, तिच्यातून १ जानेवारी १९६६ ला ही संस्था उभी राहिली. १९७४ पासून तिचे संचालक होते डॉ. सय्यद ज़हूर क़ासिम, अलाहाबादचे. आणि समुद्राच्या भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्यांत पुढे होते डॉ. हसन नसीम सिद्दीकी. जन्म १९३४ चा. आधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते, मग एनआयओत आले. १९७६ मध्ये संस्थेला ‘गवेषणी’ हे जहाज मिळालं. ते मुळात गाळ वाहून नेण्यासाठी बांधलेलं, नंतर संशोधनासाठी बदलून घेतलेलं. नावाचा अर्थ शोध घेणारी. गाळ वाहायला जन्मलेल्या जहाजाने पुढे गाळाचा अभ्यास करावा, हे मला आवडलं.

आता आवाजाने तळ कसा पाहतात ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. जहाजावरून खाली आवाजाचा ठोका सोडतात. तो तळावर आपटून परत येतो. किती वेळाने आला यावरून खोली कळते. पण ठोका थोडा जड, म्हणजे खालच्या पट्टीतला असेल तर त्याचा काही भाग तळ भेदून आत शिरतो. आतल्या प्रत्येक थरावरून थोडा थोडा परत येतो. जहाज पुढे जात राहतं, ठोके पडत राहतात आणि यंत्रातून कागदाचा पट्टा सरकत राहतो. त्यावर रेघ उमटते, रेघेखाली रेघ. वरची रेघ तळाची, खालच्या रेघा आतल्या थरांच्या. चांगल्या पट्ट्यावर समुद्राचा तळ पदर सुटलेल्या पराठ्यासारखा दिसतो. कोणता थर कधी साचला, कुठे जुनी नदी वाहत होती, कुठे खडक वर आलाय, जाणकाराला सगळं वाचता येतं.

पश्चिम किनाऱ्याजवळ पाहणी करताना काही ठिकाणी हे पदर अचानक नाहीसे होत. वर तळाची रेघ ठीक. थोडं खाली गेलं की शाई फुटल्यासारखा काळपट धूसर डाग. त्याखाली काहीच नाही. थर नाहीत, खडक नाही. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा पराठा सुरू.

माझ्यासारख्याने यंत्र बिघडलं म्हणून थाप मारली असती. समुद्रविज्ञानात या गोष्टीला ध्वनीचं झाकलं जाणं म्हणतात. चिखलाच्या कणांमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असले, अगदी थोडे असले, तरी आवाजाचं गणित बदलतं. पाण्यात आणि ओल्या चिखलात आवाज जोरात धावतो. बुडबुड्यांनी भरलेल्या चिखलात तो मंदावतो, विखुरतो, शोषला जातो. खाली काही पोचत नाही, म्हणून खालून काही परत येत नाही. म्हणजे तो डाग हीच माहिती असते. जिथे दिसत नाही, तिथे वायू आहे.

सिद्दीकींनी डी. गोपाला राव, के. एच. व्होरा आणि आर. एस. टोपगी या सहकाऱ्यांबरोबर हे डाग गोळा केले, ते कुठे कुठे येतात ते पाहिलं आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या समुद्रबूड जमिनीतल्या गाळात वायू आहे आणि त्यामुळे ध्वनी झाकला जातोय, असं लिहिलं. हा लेख १९८१ मध्ये ‘मरीन जिऑलॉजी’ या नियतकालिकात आला. दहा-बारा पानांचा. चार माणसांची चार वेगळी नावं आणि समोर एकच कागदी पट्टा.

जगात तेव्हा हा विषय नवाच होता. १९७० मध्ये कॅनडाच्या लुइस किंग आणि ब्रायन मॅक्लीन यांनी नोव्हा स्कोशियासमोरच्या समुद्रतळावर खड्डेच खड्डे पाहिले आणि त्यांना ‘पॉकमार्क’ म्हटलं. म्हणजे देवीच्या रोगाने चेहऱ्यावर पडतात ते वण. तळातून वायू किंवा पाणी उसळून वर जातं, बारीक गाळ उडतो, प्रवाह तो वाहून नेतो आणि मागे वण राहतो. नंतर उत्तर समुद्रात तेलवाल्यांना असे वण हजारोंनी दिसले. ब्रिटनचे ॲलन जड आणि नॉर्वेचे मार्टिन होव्हलंड यांनी १९८८ मध्ये त्यावर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. गोव्यातला लेख त्याच्या सात वर्षं आधीचा. मागे पडलेला देश, उशिरा आलेले आपण, ही आपल्या तोंडी बसलेली कथा इथे लागू पडत नाही.

वायू तिथे आला कुठून, याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, पृथ्वीवरचं बरंच पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन, शाळेच्या भूगोलातला हा शब्द इथे अक्षरशः खरा, तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. मुंबई हायजवळ आज पाणी जेमतेम ७५ मीटर. म्हणजे जिथे आज तेलाचे मंच उभे आहेत तिथे तेव्हा कोरडी जमीन होती. कोकणातल्या नद्या तिथून आणखी पश्चिमेला वाहत जात. मग बर्फ वितळलं, समुद्र चढत गेला. किनारा मागे मागे सरकत आला, आणि त्याने प्रत्येक मुक्कामावर खाडी, दलदल, झाडोरा मागे सोडला. त्यावर नद्यांनी आणलेला चिखल साचला. अरबी समुद्र जीवसृष्टीने समृद्ध, त्यामुळे वरून मेलेल्या जीवांची भरही कायम. गाडलं गेलेलं सगळं जीवाणूंच्या ताटात पडलं. आज मोठागावच्या चिखलात जे चाललंय तेच तिथे हजारो वर्षं, कितीतरी मोठ्या प्रमाणावर चाललेलं आहे.

बुडालेली झाडं ही कविकल्पना नाही. १८७० च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना मजुरांना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली, निळसर चिखलात शेकडो झाडं सापडली. कितीतरी खोडं मुळांसकट उभी होती. त्यात खैराची झाडं होती. ऑर्मिस्टन नावाच्या इंजिनिअरने त्याची नोंद भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पाठवली. जो डॉक बांधताना हे जंगल सापडलं, त्याच गोद्यांमध्ये पुढे आमच्या कोकणी मुसलमानांच्या पिढ्या खलाशी म्हणून जहाजावर चढल्या. रत्नागिरीकडे घरटी एखादा तरी ‘जहाजी’ होता. या समुद्राच्या तळाशी काय आहे हे त्यांना इतरांपेक्षा जास्त कळायला हवं होतं. पण खलाशाला इंजिनरूमचा घाम पुसायला फुरसत नसते, आणि त्यांच्या नातवंडांना हे सांगायला आमच्या पुस्तकांत जागा नसते.

पुढची कहाणी थोडक्यात सांगतो. एनआयओत हे काम थांबलं नाही. नव्वदच्या दशकात एस. एम. करिसिद्दय्या, एम. वीरय्या आणि सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्याजवळच्या वायूभरल्या गाळाचा अभ्यास पुढे नेला आणि १९९४ मध्ये वेगळाच प्रश्न मांडला: हा मिथेन निसटून हवेत गेला तर? शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २५-३० पट उष्णता अडवतो. समाधानाची गोष्ट म्हणजे तळातून निघालेला बराच मिथेन वाटेतच दुसरे जीवाणू खाऊन टाकतात आणि त्यातून चुन्याचे कठीण गोळे तयार होतात. २०१० मध्ये बिश्वजित चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांचा गोव्यासमोरच्या देवीच्या वणांवरचा अभ्यास आला. दीडशे ते सव्वातीनशे मीटर खोलीवरचे गोल, लंबगोल, प्रवाहाने ताणून लांबट झालेले खड्डे. आता कागदी पट्टा गेला होता. एकाच वेळी शंभरावर ध्वनिकिरण सोडून तळाचा रंगीत नकाशा मिळत होता.

सगळंच यश नव्हतं. थंडी आणि दाब यामुळे मिथेन पाण्याबरोबर गोठून बर्फासारखा होतो, त्याला गॅस हायड्रेट म्हणतात. पेटवला तर बर्फ जळतो. त्याच्या शोधात २००६ मध्ये ‘जॉइडीज रिझोल्यूशन’ हे खोदकामाचं जहाज भारतात आलं. केरळ-कोकणच्या समुद्रात पहिलं भोक पाडलं आणि हायड्रेट मिळालं नाही. आमच्या किनाऱ्याच्या वाट्याला भोपळा. पूर्वेला कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर मात्र सव्वाशे मीटरहून जाड थर मिळाला. तिथेच काही वर्षांनी एनआयओच्या अनिंद मजुमदार आणि सहकाऱ्यांना ‘सिंधु साधना’ जहाजावरून तळातून जिवंत झिरपणारा मिथेन आणि त्यावर जगणारे शिंपले सापडले. सूर्याचा किरण जिथे पोचत नाही तिथे केवळ झिरपणाऱ्या वायूवर वसलेली वस्ती.

सिद्दीकी हे पाहायला नव्हते.

ज्या १९८१ मध्ये त्यांचा वायूवरचा लेख आला, त्याच वर्षी २६ जानेवारीला ‘गवेषणी’ने हिंदी महासागराच्या खोल तळावरून धातूंच्या गोळ्यांचा, म्हणजे बटाट्याएवढ्या काळ्या खड्यांचा, पहिला नमुना वर काढला. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले हे गोळे. त्या मोहिमेमागे सिद्दीकी होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला गोव्याहून भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. नेते डॉ. क़ासिम, उपनेते म्हणून सिद्दीकी. एकवीस माणसं, भाड्याचं नॉर्वेजियन जहाज. ९ जानेवारी १९८२ ला ती अंटार्क्टिकावर पोचली. सिद्दीकींना १९७८ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला होता, १९८३ मध्ये पद्मश्री. १९८५ मध्ये ते एनआयओचे संचालक झाले आणि १९८६ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, वारले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८७ मध्ये, धातूंच्या गोळ्यांसाठी हिंदी महासागरातला दीड लाख चौरस किलोमीटरचा पट्टा संयुक्त राष्ट्रांकडून भारताच्या नावावर नोंदला गेला. असा हक्क मिळवणारा भारत पहिला देश.

क़ासिम साहेब पुढे जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले, नियोजन आयोगावर गेले, २०१५ मध्ये गेले. त्यांचं नाव निदान उर्दू वर्तमानपत्रांत अधूनमधून येतं. सिद्दीकींचं मी माझ्या पंचवीस वर्षांच्या वाचनात एकदाही पाहिलं नव्हतं, ना मराठीत ना उर्दूत. डोंबिवलीहून गोव्याला गाडीने एक रात्र लागते. बगदाद किती लांब आहे! आम्ही बगदादची फी भरून गोव्याची गाडी चुकवली.

इथे मला कोणावर दोष ढकलायचा नाही. त्यांना कोणी लपवलं नाही. त्यांचे लेख एनआयओच्या डिजिटल भांडारात मोफत पडलेले आहेत. त्यांचे सहकारी राव होते, व्होरा होते, टोपगी होते, आणि त्या सगळ्यांना ‘मुस्लिम शास्त्रज्ञ’ ही यादी ठाऊक नसावी. खुद्द सिद्दीकींना ती आवडली असती का, हाही प्रश्नच. फळ्यावर यादी करताना मी मुलांना जो मथळा दिला होता तोच थोडा वाकडा होता, हे मला आता वाटतं. तरी ज्या मुलीने विचारलं, तिला तिच्या आडनावाचा एक माणूस त्या जहाजावर होता हे कळणं मला गरजेचं वाटतं. तिचं आडनावही सिद्दीकीच आहे. हे मुद्दाम जुळवलेलं नाही, आमच्या वर्गात तीन सिद्दीकी आहेत.

दिवाळीच्या सुटीनंतर मी तो ‘उद्या’ पुरा केला. नववीची मुलं आता दहावीत गेली होती. मी एक लांब कागद नेला, त्यावर पेन्सिलीने थर काढले, मधे बोट ओलं करून शाई फुटवली आणि विचारलं, इथे काय आहे? कोणी म्हणालं पाणी सांडलंय. कोणी म्हणालं खडक. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, तुम्ही कागद खराब केला.” मग मी गोष्ट सांगितली. तास संपला तरी दोघं-तिघं बाकावर बसून राहिली. एकाचं घर दिव्याला खाडीजवळ आहे. त्याला रोज दिसणाऱ्या बुडबुड्यांचा हिशेब हवा होता.

आणि ती मुलगी घरून शोधून आली. म्हणाली, “सर, नाव टाकलं तर काहीच येत नाही.” मी पाहिलं. तिने स्वतःच्या आडनावासारखं स्पेलिंग लिहिलं होतं. सिद्दीकी साहेब इंग्रजीत आडनावाच्या शेवटी एक जादा ‘ई’ लावत. तो लावला आणि पानंच्या पानं उघडली. तिने वहीत नोंद केली आणि विचारलं, मराठीत लिहिताना दुसरी वेलांटी की पहिली. दुसरी, मी म्हणालो. दोन्हीकडे.